केनियाची सफारी: कर्ज काढून ऑगस्टमध्ये, की साठवून पुढच्या जूनमध्ये?

प्रश्न: आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १.४ लाख, घराचा हप्ता ३८ हजार. दिवाळीला १.२५ लाख बोनस मिळतो. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. येत्या ऑगस्टमध्ये चौघांनी केनियाला जाऊन मसाई मारा अभयारण्यातले प्राणी आणि तिथल्या मसाई लोकांचं जगणं बघावं, असं फार मनात आहे. टूर कंपनीने १० लाख सांगितलेत. सहलीसाठी साठवलेले ४ लाख आहेत. बाकीच्या ६ लाखांसाठी पर्सनल लोन घ्यावं की मुलीच्या शिक्षणाचे म्युच्युअल फंड मोडावेत? बारावीनंतर ती बाहेरगावी जाईल, मग चौघं एकत्र कधी जाणार?

उत्तर: जरूर जा. पण कर्ज नको आणि शिक्षणाच्या पैशाला हातही नको. मुलीची बारावी झाल्यावर, पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा. ती बाहेरगावी जायच्या आधीची तुमच्या चौघांची सहल तेव्हाही होतेच, आणि येत्या ऑगस्टमध्ये तर तिचं बारावीचं वर्ष ऐन रंगात असेल.

६ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता साधारण १९,९३० रुपये आणि व्याज १.१७ लाखांच्या घरात. व्याजापेक्षा मला काळजी वाटते ती हप्त्यांच्या मुदतीची. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेज, होस्टेल, लॅपटॉप असे खर्च एकदम अंगावर येतील, तेव्हा घराच्या जोडीला हाही हप्ता चालू असेल. फंड मोडलेत, तर ज्या दिवसासाठी ते जमवले त्याच्या वर्षभर आधी रिकामे होतील.

त्याऐवजी फेब्रुवारीपासून दरमहा २७ हजारांचं आवर्ती ठेवीचं (आरडी) खातं उघडा. पुढच्या एप्रिलपर्यंतच्या १५ हप्त्यांचे ४.०५ लाख होतात. हातातले ४ लाख एफडीत टाका. येत्या दिवाळीचा बोनस त्यात घाला. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं, तर सगळे मिळून ९.८ लाख होतात. २७ हजार बाजूला काढणं जड आहे, कबूल; पण हा ताण १५ महिन्यांत संपतो, कर्जाचा ३६ महिने पुरतो.

जूनचा आणखी एक फायदा आहे. मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ पाहुण्यांना जानेवारी ते जून रोज १०० डॉलर प्रवेशशुल्क आहे, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. तुम्ही दोघं तीन दिवस राहिलात तर फक्त तुमच्यातच ६०० डॉलर, म्हणजे पन्नास हजारांच्या वर वाचतात. कंपनीचा जूनचा दर खरंच तेवढा खाली येतोय ना, हे पॅकेजची फोड मागून तपासा. दहा लाखांना कमी पडणारे वीस हजार त्यातूनच निघतात; रुपया घसरला किंवा विमानभाडं वाढलं, तर उरलेली रक्कम कामाला येईल.

जूनमध्ये काय मिळणार नाही, तेही सांगतो. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. जूनमध्ये बहुतेक कळप अजून सीमेपलीकडे, टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात. मार्च ते मेच्या पावसाने गवतही उंच असतं, त्यामुळे चित्ता शोधायला जरा वेळ लागतो. पण सिंह, हत्ती, जिराफ तिथे बारा महिने असतात. आणि ऑगस्टमध्येसुद्धा नदीकाठी तासन्‌तास गाडी उभी करून कळप परत फिरल्याचं अनेकांनी पाहिलंय. कळप नदी ओलांडतानाच बघायचे असा हट्ट असेल, तर सहल आणखी एखादं वर्ष पुढे ढकला, पण कर्ज नकोच.

१० लाखांत काय धरलेलं नाही, ते लेखी घ्या. मसाई वस्तीत जायचे पैसे बहुतेक वेळा वेगळे पडतात. वस्तीला मोठ्या टूरसारखी धावती भेट देऊ नका, निदान अर्धा दिवस ठेवा. तुम्ही ज्यासाठी निघालात त्यातला अर्धा भाग तोच आहे. बलूनची फेरी माणशी ४५०-५०० डॉलरच्या घरात जाते, ती मी सरळ गाळेन.

पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनी तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरते तो कर, लागेल. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. मात्र रक्कम अडकते, म्हणून दोघांपैकी ज्याच्या पगारातून जास्त टीडीएस कापला जातो, त्याच्या पॅनवर बुकिंग करा आणि ऑफिसात तसं कळवा, म्हणजे पुढच्या टीडीएसमधून तो वळता होतो. दर मधल्या काळात बदलत आलाय, बुकिंगच्या दिवशीचा विचारा.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच आणि निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुलगी जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसणार असेल, तर त्या परीक्षेची तारीख जाहीर होईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका.