पिट्सबर्ग पायरेट्स 2026 मध्ये प्लेऑफ गाठतील का?

नुकतेच पिट्सबर्गला आला आहात, क्रिकेट कळतं, बेसबॉल शिकताय आणि पायरेट्समध्ये जीव गुंतवावा का, असं विचारताय. जरूर गुंतवा. यंदा हरण्यापेक्षा जिंकतील जास्त, असं मला मनापासून वाटतं. प्लेऑफचं (हंगामाच्या शेवटी होणारी बाद फेरी) मात्र अगदी काठावर आहे.

गेल्या हंगामातली एकच गोष्ट सांगतो. आपला पिचर, म्हणजे बोलर, पॉल स्कीन्सची ईआरए 1.97 होती, म्हणजे नऊ डावांमागे त्याने दोन धावासुद्धा दिल्या नाहीत. नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याच्या नावावर विजय किती (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर लागतो)? 10. पराभवही 10! आपल्या बोलरने समोरच्यांना शंभरात गुंडाळावं आणि आपण नव्वदला ऑलआउट व्हावं, तसं वर्षभर चाललं होतं. 162 सामन्यांत संघाच्या धावा 583 आणि होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे) 117, दोन्ही आकडे मेजर लीगच्या तीसही संघांत सगळ्यांत कमी. शेवटी 71 विजय, 91 पराभव. बघवत नव्हतं.

म्हणूनच या हिवाळ्यात ब्रँडन लाउ आणि रायन ओहर्न हे बॅटर आले तेव्हा मला इतका आनंद झाला. लाउने गेल्या वर्षी 31 होम रन मारले होते. दोघंही डावखुरे, आणि इथेच खरी मेख आहे. आपल्या पीएनसी पार्कमध्ये डावीकडचं मैदान खूप खोल आहे, उजव्या हाताच्या बॅटरचे उंच फटके तिथे झेलले जातात. डावखुऱ्यांचे जोरदार फटके जातात ती उजवीकडची रेषा मात्र फक्त 320 फुटांवर संपते. भिंत 21 फूट उंच आहे खरी (पायरेट्सचा जुना दिग्गज रोबेर्तो क्लेमेंतेच्या 21 नंबरच्या जर्सीला मान म्हणून), पण डावखुऱ्याने नीट उचललेला चेंडू ती पार करतो. या मैदानाला हवे तसे बॅटर आणायला फार वर्षं लावली.

आता हिशेब. 2025 मध्ये सिनसिनाटी रेड्स 83 विजयांवर प्लेऑफमध्ये गेले. म्हणजे आपल्याला 12 विजय वाढवायचे आहेत. दहाएक धावांमागे एक विजय, असं बेसबॉलमधलं जुनं गणित आहे, तेव्हा 120 धावा जास्त हव्यात. दोन नव्या बॅटरकडून सगळ्या येणार नाहीत. आपल्या ओनील क्रूझला .200 च्या सरासरीवरून (पाच प्रयत्नांत एकच हिट) वर यावंच लागेल. तरुण कॉनर ग्रिफिन हंगाम सुरू होताना जेमतेम 19 वर्षांचा, त्याला घाईने खेळवू नये असं माझं मत आहे, पण उन्हाळ्यात तो खालच्या लीगमधून मुख्य संघात आला तर चित्र पालटेल. पिचिंगची काळजी नाही: स्कीन्सच्या जोडीला मिच केलर, बब्बा चँडलर आहेत, आणि कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जॅरेड जोन्सही परतायचा आहे.

माझा अंदाज 82 ते 84 विजयांचा. 2015 नंतर या संघाने प्लेऑफ पाहिलेला नाही, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत शर्यतीत टिकले तरी हे शहर वेडं होईल.

पहिलं तिकीट स्कीन्स पिच करणार असेल त्या दिवसाचं काढा, आणि थर्ड बेसच्या बाजूचं घ्या. तिथून समोर नदी, पूल आणि डाउनटाउन दिसतं. सामन्याच्या दिवशी क्लेमेंते पूल गाड्यांना बंद असतो, तेव्हा डाउनटाउनातून चालतच या.