गोड लागणारा घास

प्रश्न : तिसरीतल्या माझ्या मुलीला दात आणि पचन हा पाठ तोंडपाठ आहे, पण समजलेला दिसत नाही. घरी काय करावे?

उत्तर : तिला पोळीचा कोरडा घास न गिळता मिनिटभर चावायला सांगा. तो हळूहळू गोडसर लागतो, कारण लाळेतील विकर (अन्न पचवणारे रसायन, एन्झाइम) पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर करू लागते. म्हणजे पचनाची सुरुवात पोटात नव्हे, तोंडातच होते. मग आरशासमोर दात मोजू द्या. दुधाचे दात 20 असतात. मात्र सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. अनेक पालक तिला दुधाचीच समजून कीड लागली तरी दुर्लक्ष करतात, याचे फार वाईट वाटते. ती दाढ मुलीला स्वतः बोटाने शोधू द्या.