परदेशातल्या आपत्तीग्रस्तांसाठी औषधं गोळा करून पाठवावीत का?

तुम्ही विचारलंय की दूरच्या देशात भूकंप झाला किंवा युद्ध पेटलं, तर मित्रमंडळींनी मिळून औषधं गोळा करून पाठवावीत का, आणि डॉक्टर नसलेल्या माणसाचा तिथे काही उपयोग असतो का.

औषधं कृपा करून पाठवू नका. मी फार्मासिस्ट आहे आणि एका मदत पथकाचं औषध भांडार काही काळ सांभाळलंय. लोकांनी चांगल्या मनाने पाठवलेली खोकी उघडली की आत काय निघायचं? अर्धवट संपलेल्या सिरपच्या बाटल्या, आणि कात्रीने कापलेल्या स्ट्रिप्स. हातातल्या तुकड्यावर औषधाचं नाव असायचं, पण मुदतीची तारीख असलेला तुकडा कुणाच्या तरी घरी राहिलेला. अशी गोळी रुग्णाच्या हातावर कशी ठेवणार? ती नुसती फेकूनही चालत नाही, रीतसर नष्ट करावी लागते. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियाला आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे १७ हजार टन, निरुपयोगी होती असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटना तर स्पष्टच सांगते की रुग्णांकडची उरलेली औषधं दान करायची नाहीत, आणि औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत निदान वर्षभर शिल्लक हवी.

मग लागतं काय? बातम्यांत ऑपरेशन थिएटर दिसतं, जखमींसाठी ते हवंच. पण माणसं घरदार सोडून छावणीत दाटीवाटीने राहू लागली की जुलाब, गोवर, न्यूमोनिया, मलेरिया आणि कुपोषण यांनी जीव जातात, त्यातही लहान मुलांचे जास्त. म्हणून अनुभवी पथक पहिला रुग्ण सापडायची वाट न बघता गोवराची लस द्यायला घेतं. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला निदान १५ लिटर असा धरतात.

कुपोषण ओळखायला एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती मधोमध ती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की खूण लाल भागात येते, म्हणजे मूल धोक्यात आहे. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघायचा. खळगा तसाच राहिला तर अंगावर कुपोषणाची सूज आहे, आणि दंड गुटगुटीत दिसला तरी फसायचं नाही. तपासणीला अर्धं मिनिट पुरतं आणि आयांनाही ती शिकवता येते. भूक शाबूत असेल आणि दुसरा आजार नसेल, तर ते मूल शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टची पाकिटं घेऊन घरी जातं. त्यात पाणी मिसळावं लागत नाही, म्हणून दूषित पाण्याची भीती नाही.

साध्या गोष्टीत किती ताकद असते ते १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत दिसलं. कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजायला नातेवाइकांनाच सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. मला आजही ओआरएसचं, म्हणजे अशाच ग्लुकोज-मिठाच्या पाण्याच्या पावडरचं, पाकीट हातात घेतलं की ती छावणी आठवते.

तेव्हा मदत पैशाने करा, आणि जमलं तर 'अमुक संकटासाठीच' अशी अट घालू नका. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेकडे इतका पैसा आला की काही दिवसांतच त्यांनी त्सुनामीसाठी देणग्या घेणं थांबवलं, आणि जमलेले पैसे इतरत्र वापरू का, असं देणगीदारांना विचारलं. ज्या संकटाकडे कॅमेरे वळत नाहीत तिथली मुलंही शेंगदाण्याच्या पेस्टच्या याच पाकिटांवर जगतात. विनाअट पैसा त्यांच्यापर्यंत पोचतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही हिशेबाचं काम करता असं लिहिलंय. प्रत्येक पथकाला हिशेबनीस लागतो, तसे पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, मेकॅनिक, गोदाम सांभाळणारेही. आमच्याकडे एकदा लसीचा फ्रिज बंद पडला आणि रात्रभर जागून तो ज्याने सुरू केला, तो डॉक्टर नव्हता. बहुतेक संस्था दोनेक वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर अर्जात ते अगदी वर लिहा.