जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन पहिलीच नोकरी, वॉर्डात हात थरथरतो, काय करावं?

तू लिहिलंयस की रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला लागलीयस, तेही ऐन पावसाळ्यात, आणि सगळ्या सिस्टर्स भराभर कामं करतात नि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. वयाने लहान असशील म्हणून तू म्हणते. मी कोकणातच वॉर्डला आहे, बरीच वर्षं झाली.

हात थरथरणं जातं गं, त्याचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, शीर हळूहळू बोटाला कळायला लागते. मला काळजी वाटते ती स्पीडची. नवीन मुली सीनियरच्या बरोबरीने पळायला जातात आणि विचारायचं राहून जातं. शंका आली की हात थांबव आणि मोठ्याने विचार, मग समोरचा कितीही वैतागू दे. इन्सुलिनचंच बघ, आपल्याकडे मिलीला 40 युनिटची वायल (औषधाची बाटली) पण असते आणि 100 ची पण, लाल टोपणाची सिरिंज 40 ची आणि केशरी 100 ची, 100 चं औषध 40 च्या सिरिंजने भरलंस तर पेशंटला अडीचपट डोस गेला. पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, डायल्यूट करून सावकाशच जातं, कोणी घाईत काहीही सांगितलं तरी. आणि फोनवर ऑर्डर आली तर लिहून घेऊन डॉक्टरांना परत वाचून दाखव, नंतर सही घे.

आता तुझ्याकडे पावसात जे येणार ते सांगते. भातलावणी सुरू झाली की फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, चावलेले पेशंट येतात. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणून आल्या आल्या ट्वेंटी मिनिट टेस्ट करायला सांगतात. कोरड्या स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करून बघायची, रक्त वाहिलं म्हणजे गोठलेलं नाही. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेली पण नाही, रिझल्ट चुकतो. आणि घड्याळ लावून शेजारी उभी राहा, कारण गडबडीत कोणीतरी हमखास ट्यूब उचलून हलवून बघतं. नातेवाईकांनी पाय करकचून बांधून आणला असेल तर दोरी आपल्या मनाने सोडायची नाही, डॉक्टर समोर असताना आणि सगळी तयारी झाल्यावरच. एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) विरघळवताना वायल जोरात हलवू नकोस, फेस होतो, हातात हळू गोल फिरव. सुरू करायच्या आधी अॅड्रिनॅलिन भरून ट्रेमध्ये हवंच, रिअॅक्शन आली तर तेच लागतं, आणि पहिला काही वेळ पेशंटजवळून हलू नकोस, खाज, अंगावर गांध्या, कापरं, धाप, यातलं काहीही दिसलं की ड्रिप बंद कर आणि डॉक्टरांना हाक मार. हिरड्यातून रक्त, लघवीचा रंग, हे पण बघत राहा.

दुसरा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप. शेतात चिखलात काम करणारा माणूस, ताप, पिंढऱ्या दुखतायत, डोळे लाल. यांचा इनटेक-आऊटपुट चार्ट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) अंदाजाने कधी भरू नकोस, किडनीवर येतंय का ते लघवीवरूनच आधी कळतं. मोजूनच लिही, मावशींना पण सांगून ठेव की न मोजता टाकायचं नाही. आपली माणसं सोसणारी, म्हातारी आजी विचारलंस तर "बरां आसय" म्हणणार आणि श्वास मिनिटाला तीसने चालू असणार, म्हणून तोंडच्या उत्तरावर जाऊ नको, स्वतः मोज.

सुईचं टोपण दोन हातांनी परत लावू नकोस, वापरलेली सुई सरळ पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नकोस, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि लगेच इन्चार्ज सिस्टरला सांग. पीईपी (एचआयव्हीची लागण टाळायची औषधं) लागणार असेल तर शक्यतो 2 तासांत सुरू व्हायला हवं, 72 तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ओरडा दोन मिनिटांचा असतो.

हँडओव्हर बेडजवळ उभं राहूनच घे, टेबलावर बसून नाही, सलाईन किती उरलंय, व्हेनफ्लॉनची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा सुजलीय का, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मावशी आणि वॉर्डबॉय मामांशी नीट बोल, वॉर्डातलं कुठे काय असतं ते त्यांना आपल्याहून जास्त माहीत.

पावसात दरड पडली, एसटी बंद झाली की रिलीव्हर येत नाही आणि ड्युटी लांबते, तर बॅगेत कोरडे कपडे, मोजे आणि काहीतरी खायचं ठेवच. आणि नाईट संपवून लगेच स्कूटरवर घाटातून घरी निघू नकोस, हॉस्टेलला आधी झोप काढ, मग दुपारच्या गाडीने जा.