पाठ केलेले इंग्रजी शब्द आठवड्यात का उडतात?

मालवणजवळच्या गावातली, पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी माझ्याकडे आली होती. बँकेच्या परीक्षेची तयारी चाललेली. सोबत आलेल्या आईची तक्रार एका वाक्याची: "चेडू रातभर वाचता, पण सकाळी तेका कायएक आठवना नाय." मुलीला भीती वेगळीच होती. मराठी माध्यमामुळे आपलं डोकंच कमी पडतंय, असं तिने धरून ठेवलं होतं.

तिची वही बघितली. रोज ४० शब्द, वर्णक्रमाने. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकच मराठी अर्थ. पान पाच-पाच वेळा वाचलेलं, पण उजवी बाजू झाकून एकदाही नाही. खोट इथेच होती. डोळ्यांसमोर अर्थ असला की शब्द ओळखीचा वाटतो. परीक्षेत अर्थ समोर नसतो, तो आतून काढावा लागतो, आणि त्याचा सराव शून्य. विसरण्याचं म्हणाल तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत मोठी गळती पहिल्या एक-दोन दिवसांतच होते. त्याचा माध्यमाशी काही संबंध नाही.

वर्णक्रमाचाही तोटा होतो. सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी आले की एकमेकांत गुंततात. तिने निबंधात सावंतवाडी ते मुंबई एसटी प्रवास 'एक्झॉस्टिव्ह' लिहिला होता, म्हणजे सर्वंकष! हवा होता 'एक्झॉस्टिंग', दमवणारा. अशा जोड्यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगितलं.

मग आखणी बदलली. दिवसाला ८ नवे शब्द, रविवारी एकही नाही. प्रत्येकाला एक कार्ड: पुढे शब्द गाळलेलं वाक्य आणि शब्दाचं पहिलं अक्षर, मागे शब्द, मराठी अर्थ आणि त्याच्यासोबत नेहमी येणारा शब्द. उदाहरणार्थ 'मिटिगेट'च्या मागे 'रिस्क'. नुसता 'कमी करणे' एवढाच अर्थ लिहिला, तर मुलं 'साखर मिटिगेट करा' असंही लिहितात.

कार्डं पाच कप्प्यांत. ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. कुठल्या कप्प्यातली कार्डं किती दिवसांनी पुन्हा बघायची, याचं आम्ही ठरवलेलं अंतर: १, ३, ७, १५ आणि ३० दिवस. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. उत्तर मोठ्याने म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. पहिल्या कप्प्यात तीसच्या वर कार्डं साठली, की नवे शब्द बंद. हा नियम मुलांना सर्वांत जड जातो, कारण आकडा वाढला नाही की अभ्यास झाल्यासारखा वाटत नाही.

शब्दांच्या धातूंवरून, म्हणजे मूळ घटकांवरून, अर्थ ओळखायचा तिला नाद होता. 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट, हे बऱ्याचदा चालतं. पण 'मॅलिएबल' लॅटिनमधल्या हातोड्याच्या शब्दावरून आला आहे. अर्थ, ठोकून घडवता येणारं. म्हणून धातूवरून फक्त अंदाज बांधायचा आणि शब्दकोशात तपासायचा.

वाक्यं कुठून घ्यायची? तिचे वडील मासेमारीला जातात. हवामान खात्याच्या इंग्रजी इशाऱ्यात मच्छीमारांनी समुद्रात 'व्हेंचर' करू नये, असं असतं. तिथेच 'डिप्रेशन' म्हणजे नैराश्य नव्हे, तीव्र झालेलं कमी दाबाचं क्षेत्र. हे दोन्ही शब्द तिच्या पाचव्या कप्प्यापर्यंत न चुकता गेले. 'एक्झॉस्टिव्ह' मात्र अजून दुसऱ्या-तिसऱ्यात घुटमळतोय.