आईला बस जमते का, हे कोण आणि कसं ठरवतं?

पॅराट्रान्झिटबद्दल इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९९० च्या एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे जिथे सिटी बस किंवा मेट्रो चालते तिथे, अपंगत्वामुळे ती वापरूच न शकणाऱ्यांसाठी आदल्या दिवशी बुक करायच्या गाडीची सोय ट्रान्झिट एजन्सीला करावीच लागते. न्यू जर्सीत ॲक्सेस लिंक, न्यूयॉर्कला ॲक्सेस-अ-राइड, बॉस्टनला द राइड, वॉशिंग्टनला मेट्रोॲक्सेस. नावं वेगवेगळी असली तरी पात्रतेचा नियम देशभर एकच आहे. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून ही पात्रता तपासायच्या असेसमेंट्स केल्यात, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूचंही थोडं सांगते.

प्रश्न : ताई, आई आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला असते, वय ७४. दोन्ही गुडघे गेलेत, डायबेटिसमुळे तळपाय बधिर. डॉक्टरांचं चांगलं दोन पानी लेटर जोडलंय तरी इंटरव्ह्यू आणि टेस्टला बोलावलंय. डॉक्टरने लिहून दिल्यावर परत कसली परीक्षा?

डॉक्टर आजार लिहितात आणि नियमाला आजाराशी फारसं देणंघेणंच नाहीये. एकाच आर्थ्रायटिसचे दोन पेशंट, एक काठी घेऊन चार ब्लॉक आरामात जातो आणि दुसऱ्याला ड्राइव्हवे संपेपर्यंत घाम फुटतो, मग नुसत्या नावावरून काय ठरवणार? नियम तीन प्रकारच्या लोकांना पात्र धरतो. एक, जे दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय बसमध्ये चढू-उतरू शकत नाहीत किंवा कुठली बस, कुठला स्टॉप हे सांभाळू शकत नाहीत. दोन, ज्यांना लिफ्ट किंवा रॅम्पची बस चालली असती पण त्या वेळी त्या रूटवर तशी बसच नाही, किंवा त्या स्टॉपवर लिफ्ट उघडता येत नाही. आणि तीन, ज्यांना अपंगत्वामुळे घरापासून स्टॉपपर्यंत किंवा स्टॉपपासून पुढे जाताच येत नाही. तुमच्या आईंची केस मला तरी तिसऱ्यातली वाटते.

टेस्टला घाबरायचं काही नाही. थोडं लांब चालायला लावतात, फुटपाथची कड चढ-उतर, उतार, खडबडीत जागा, सिग्नलला रस्ता ओलांडणं, काही सेंटर्सवर बसच्या पायऱ्यांचं मॉडेल असतं त्यावर चढून दांडा धरून दाखवायचं. बॅलन्ससाठी टिनेटी म्हणून एक टेस्ट आहे, खुर्चीतून हात न टेकता उठा, उभं राहून डोळे मिटा, गोल वळा, परत बसा, असली. पण खरं सांगू का, निम्मं तर वेटिंग रूममध्येच कळतं. उठताना माणूस काय पकडतो, दाराशी वळताना सुनेचा दंड धरतो का, आणि वीसेक पावलं गेल्यावर ‘केवढा मोठा हॉल आहे हो’ म्हणत हळूच भिंतीला हात लावतो का.

आता आपल्या आयांचा खरा प्रॉब्लेम. परक्या माणसाने ‘चालता येतं का?’ विचारलं की आई पदर सावरून ताठ बसून सांगणार, ‘हो हो, सगळं करते मी, देवळात जाते, स्वयंपाक मीच करते.’ देवळात मुलगा दारापर्यंत गाडीने सोडतो हे सांगायचं राहूनच जातं. त्या दिवशी पेनकिलर घेऊन, नवे बूट घालून, परीक्षेला बसल्यासारख्या आलेल्या आज्या मी पाहिल्यात, आणि समोरच्याला जे दिसतं तेच तो लिहिणार ना. म्हणून जायच्या आधी घरी बसून कागदावर काढा : किती लांब गेल्यावर थांबावं लागतं, किती वेळ उभं राहता येतं, बसायला बाक नसेल तर काय होतं, चार वाईट दिवसांत बाहेर पडता येतं का, गेल्या वर्षात कधी पडल्या का आणि कुठे. नाटक अजिबात नको, ते लगेच कळतं आणि मग खरं दुखणंही खोटं वाटायला लागतं. पण चांगल्या दिवसाचं वर्णन करून येणं पण बरोबर नाही.

अजून एक, त्यांना इंग्रजी जमत नसेल तर आधीच दुभाषा मागा, बऱ्याच एजन्सी तो देतात, फोनवरून का होईना. मुलगा भाषांतर करायला लागला की आईची चार वाक्यं तो एकात गुंडाळतो, आणि जे गुंडाळलं जातं तेच नेमकं कामाचं असतं.

प्रश्न : मी शिकागोजवळ राहतो, मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. पात्र ठरलो पण लेटरमध्ये ‘कंडिशनल’ लिहिलंय, म्हणजे अर्धवट नकारच ना हा? एवढी कंजुषी कशासाठी?

नकार नाही हो. कंडिशनल म्हणजे काही ट्रिपला तुम्ही पात्र आणि काही ट्रिपला तुम्हाला बस जमते असं त्यांचं म्हणणं. एमएसमध्ये उन्हाळ्यात उष्णतेने अंगातलं त्राण जातं, त्यामुळे ‘अमुक तापमानाच्या वर पात्र’ अशी अट टाकतात, कुणाला ‘बर्फ साचलेला असताना’, कुणाला ‘अमुक अंतरापेक्षा स्टॉप लांब असेल तर’. व्हीलचेअरवाल्या माणसाला एरवी रॅम्पची बस छान चालते पण बर्फाचा ढीग कर्ब-कटवर, म्हणजे फुटपाथवर चढायच्या उतारावर, ढकलून ठेवला की स्टॉप गाठणंच अशक्य, ही त्याची क्लासिक केस. नियमात फरक एवढाच करतात की त्रास होणं वेगळं आणि जाता न येणं वेगळं. नुसती गैरसोय धरत नाहीत.

तुम्ही बघायचं ते हे, की अटी तुमच्या आजाराला बसतात का. एमएसचा थकवा दिवसागणिक बदलतो, सकाळी ठीक आणि दुपारी पाय उचलत नाही, आणि लेटरमध्ये फक्त तापमान लिहिलं असेल तर ती अट अपुरी आहे, त्यावर अपील करा, कंडिशनल निकालावरही अपील करता येतं हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आणि कंजुषीबद्दल, त्यामागे थोडा इतिहास आहे. १९७८ च्या जुलैमध्ये डेन्व्हरला १९ अपंग कार्यकर्त्यांनी भर चौकात बस अडवून ठेवल्या होत्या, त्यांना गँग ऑफ नाइन्टीन म्हणतात. त्यांची मागणी वेगळ्या व्हॅनची नव्हती, सगळ्यांच्या बसमध्ये आम्हालाही चढू द्या अशी होती. एडीएने तेच उचललं : आधी बस सगळ्यांसाठी करा, आणि तरीही जी माणसं बस वापरू शकत नाहीत त्यांच्यासाठी, त्या ट्रिपसाठी पॅराट्रान्झिट. मला हे तत्त्व पटतं. एजन्सी ते कधीकधी पैसे वाचवायला वापरतात ते नाही पटत.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ८१, आता गाडी चालवत नाहीत. तेवढ्यावर मिळेल?

नाही. वय, इन्कम, लायसन्स नसणं, यातल्या कशावरच मिळत नाही. सिनियर्ससाठी काउंटीच्या वेगळ्या गाड्या असतात, त्याची चौकशी करा. सासऱ्यांना बस का जमत नाही याचं शारीरिक किंवा विसरण्याचं वगैरे कारण असेल तर मात्र जरूर अर्ज भरा.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. असेसमेंटला गेलो, तो टकाटका चालला, पायऱ्या चढला, आणि महिन्याने नकार आला, ‘शारीरिक मर्यादा आढळली नाही’. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आहोत. आता काय?

अपील. हे पत्र वाचून मला रागच आला, कारण मुलाच्या पायांचा प्रश्नच नव्हता. नियमात समज आणि वागणं यामुळे बस न जमणंही तेवढंच धरलंय, त्यासाठी वेगळी टेस्ट असते, तिला फॅक्ट्स म्हणतात, तीत फोटो दाखवून, खोटा प्रवास करून ‘स्टॉप चुकला तर काय करशील’ असं तपासतात. ती केली का हे आधी विचारा.

नकार लेखी आणि नेमक्या कारणासकट द्यावा लागतो. अपिलासाठी एजन्सी ६० दिवसांची मुदत घालू शकते, तेव्हा पत्रावरची तारीख बघा आणि वेळ घालवू नका. तुम्हाला समोर बसून बाजू मांडता आली पाहिजे आणि निर्णय देणारी व्यक्ती पहिल्या नकारात सामील नसलेली हवी. अपिलाची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर निर्णय होईपर्यंत त्यांना सर्व्हिस द्यावी लागते.

तिथे ‘त्याला ऑटिझम आहे’ एवढंच सांगून उपयोग नाही. प्रसंग सांगा : रस्ता खोदलेला असल्यामुळे बस दुसरीकडून वळली तर तो काय करतो, शेजारी कुणी ओरडलं तर, नेहमीची सीट भरलेली असेल तर, रस्ता ओलांडताना गाडी बघतो का फक्त सिग्नल बघतो. शाळेतल्या शिक्षकांचं लेटर इथे डॉक्टरपेक्षा जास्त कामाला येतं. आणि ते कदाचित म्हणतील की कॉलेजचा एक रोजचा रूट त्याला शिकवता येईल, ट्रॅव्हल ट्रेनिंग देऊ. ते घ्या की, मुलाच्या फायद्याचंच आहे. पण एक रूट शिकला म्हणजे सगळं शहर जमलं असं नाही, त्या एका ट्रिपपुरती अट घाला आणि बाकी पात्र ठेवा, असं ठामपणे मागा.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेत, बाबा व्हीलचेअरवर. व्हिजिटर व्हिसावर हे मिळतं का?

पात्रतेच्या नियमात सिटिझन किंवा ग्रीन कार्ड अशी अट नाहीये. बाहेरून आलेल्या अपंग पाहुण्यांना कुठल्याही ३६५ दिवसांत २१ दिवस पूर्ण अर्जाशिवाय सर्व्हिस द्यायची असते, फार तर कुठे राहता याचा कागद मागतील, आणि अपंगत्व दिसत नसेल तर त्याचा. बाबांचं दिसतंच आहे. २१ दिवस सलग मोजत नाहीत, ज्या दिवशी वापरलं तो दिवस. सहा महिन्यांत त्याहून जास्त लागणार असेल तर आल्या आल्या रीतसर अर्ज करा. अर्ज पूर्ण झाल्यापासून २१ दिवसांत निर्णय आला नाही तर तोपर्यंत पात्र धरून गाडी द्यावी लागते. इथे सगळा घोळ ‘पूर्ण’ या शब्दावर होतो, डॉक्टरचा फॅक्स पोचला नाही की घड्याळ चालूच होत नाही, तेव्हा आठवड्याने फोन करून खात्री करा. अर्जाची फी नसते.

फक्त हेही बघा की तुमचं घर बस रूटच्या पाऊण मैलाच्या आत आहे का. पात्र ठरूनही घर त्या पट्ट्याबाहेर असलं तर गाडी दाराशी येईलच असं नाही, पट्ट्याच्या आतल्या जागेपर्यंत तुम्हाला सोडावं लागेल. आणि जवळून फक्त कम्युटर ट्रेन किंवा कम्युटर बस, म्हणजे उपनगरातून शहरात कामाला जाणाऱ्यांची, जात असेल तर त्यावर ही सक्ती नाही.

प्रश्न : बायकोसोबत मला कायम जावं लागतं. मी सोबत असतो म्हणून तिला बस जमते असं म्हणतील का? आणि माझं तिकीट?

असं म्हणता येत नाही, तिला एकटीला जमतं का हेच बघायचं असतं. तुम्ही अटेंडंट म्हणून, म्हणजे तिला लागणारी मदत करायला, गेलात तर तुमचं तिकीट नाही. नुसते सोबती म्हणून गेलात तर तिच्याएवढंच भाडं पडेल, आणि तिचं भाडं बसच्या पूर्ण तिकिटाच्या दुपटीहून जास्त असू शकत नाही. अटेंडंट लागतो हे अर्जातच लिहा आणि इंटरव्ह्यूला पुन्हा सांगा, ते तिच्या पात्रतेच्या कागदावर नोंदवून येतं. नंतर घालायला गेलात तर परत फोनाफोनी.