निक्कोची रंगीत पानं नक्की कधी बघायची?

प्रश्न: ताई, मिस्टरांचं सध्या टोकियोत पोस्टिंग आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सासूबाईंना घेऊन तिकडे जातेय. टोकियोच्या उत्तरेला डोंगरात असलेल्या निक्कोची लाल पानं आणि तिथला केगोन धबधबा बघायचाय, पण कुणी म्हणतं आधी जा, कुणी म्हणतं नोव्हेंबरच बरा. एका दिवसात होईल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: अगं, दोघांचंही बरोबर आहे, कारण निक्कोत रंग सगळीकडे एकदम येत नाही, वर थंडी आधी पडते म्हणून तो वरून खाली उतरत येतो. र्‍यूझू धबधब्याची झाडं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच रंगतात, मग चुझेन्जी तलाव आणि केगोन, मग इरोहाझाका घाट, आणि खाली तोशोगू देवळापाशी नोव्हेंबर उजाडतो. त्यामुळे तारीख अजिबात बदलू नका, तुम्हाला केगोन आणि घाट बहुतेक छान मिळेल, र्‍यूझूला मात्र पानं गळलेली असतील.

केगोन ९७ मीटरचा आहे आणि लिफ्टने खालच्या गॅलरीपर्यंत जाता येतं. मुख्य धार तर भारीच, पण मला जास्त आवडतात त्या कड्याच्या मधल्या थरातून झिरपणाऱ्या बारीक बारीक धारा, त्या नक्की बघा, घाईत लोक बघतच नाहीत. लिफ्टनंतर थोड्या पायऱ्या आहेत, सासूबाईंना नाही जमलं तर वरच्या फुकट गॅलरीतूनही धबधबा समोर दिसतो, वाईट वाटून घेऊ नका.

एका दिवसात होतं, पण मी तरी वर चुझेन्जीला एक रात्र राहाच म्हणेन. इरोहाझाकाला ४८ वळणं आहेत, एरवी निक्कोच्या रेल्वे स्टेशनवरून बस पाऊण-एक तासात वर पोचते पण पानांच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी तासन्तास जाम असतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसमध्ये अडकवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. मधल्या वारी जा, टोकियोतल्या आसाकुसा स्टेशनहून तोबू रेल्वेची पहाटेची ट्रेन पकडा. वर गारठा चांगलाच असतो, सासूबाईंना स्वेटर, कानटोपी, मोजे सगळं द्या.

खाण्याचं म्हणाल तर तिथली युबा म्हणजे सोया दुधाची साय फेमस आहे, ती शाकाहारीच, पण सोबतच्या रश्शात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, ऑर्डर देण्याआधी विचारा. धपाटे आणि चटणी सोबत असू द्याच.